कार्ड नंतर घे, पहिले अर्थिंग पाहा

"दादा, मी घाटंजी तालुक्यातला, बीए दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज अन् दुपारून सेतू केंद्रावर फॉर्म भरायचं काम करतो. त्याच पैशातून ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप घेतला, आय५ चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. आता पंधरा हजार जमले. नागपूरचा एक जण आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड साडेसात हजारात देतो म्हणते. मला आरपीजीच आवडतात, म्हणजे एक पात्र घेऊन गोष्टीतून पुढं जायचे गेम, त्यातला विचर ३ खेळायचा आहे, पण मित्र म्हणतात तुझ्या डब्यावर काही होत नाही, ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, नाही तर खेळूच नको, हप्त्यावर आरटीएक्स ग्राफिक्सवाला लॅपटॉप घे. दुसरं म्हणजे माझं इंग्रजी कच्चं आहे, या गेममध्ये एवढं वाचावं लागते, मला समजेल का? बाबा शेती करतात, त्यांना अजून सांगितलं नाही, अभ्यासासाठी कार्ड लागते म्हटलं तर चालेल का? आणि हो, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होते, ते नॉर्मल आहे ना?"

तू शेवटी "आणि हो" म्हणून जी ओळ शेपटासारखी लावली ना बाप्पा, मी तिथूनच सुरू करतो, कार्डाचं अन् विचरचं मागून पाहू. मुंग्या येणं नॉर्मल नाही. आपल्याकडे बम घरी तसं होते, लोक फ्रिज उघडायच्या आधी पायात चप्पल सरकवतात अन् त्यालाच नॉर्मल म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

होते काय, की एसएमपीएसमध्ये, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायच्या पेटीत, लाईन जिथून आत शिरते तिथेच फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीला जोडलेला अन् एक न्यूट्रलवरून बॉडीला. जी काही विजेची कचकच आत तयार होते ती त्यांनी अर्थच्या वायरमधून जमिनीत सोडून द्यायची, एवढंच त्यांचं काम. आता तुझ्या सॉकेटातलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं असलं, मागे वायरच नसली, तर ती बॉडी अधांतरी लटकते, २३० च्या अर्ध्यावर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट फार थोडा असते म्हणून नुसत्या मुंग्या येऊन राहिल्या. पण उद्या आतमध्ये एखादं इन्सुलेशन गेलं, फेज सरळ बॉडीला टेकली, अन् तू नुकती पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभा असला, तर मग मुंग्या नाही. अन् जिवाचं सोडलं तरी मशीनचं पाहा, त्याच बॉडीला मदरबोर्ड स्क्रूनं आवळलेला आहे, चालू मशीनला तू मॉनिटरची केबल खोचली की हे तरंगणारं व्होल्टेज त्या बारीक पिनांमधून वाट शोधते अन् पोर्ट जाते. मग पोट्टे म्हणतात कार्ड डिफेक्टिव्ह निघालं.

तर पहिला खर्च वायरमनचा. टेस्टर लावून पाहणारा नाही, टेस्ट लॅम्प घेऊन येणारा बोलाव. तो फेज अन् न्यूट्रलमध्ये बल्ब लावून पाहील, मग फेज अन् अर्थमध्ये लावून पाहील, दोन्ही वेळा उजेड सारखाच पाहिजे. दुसऱ्या वेळी बल्ब मिणमिणला किंवा लागलाच नाही तर अर्थ नाही, विषय संपला. हे तू स्वतः करू नको. अन् काही वायरमन काम वाचवायला सॉकेटातच न्यूट्रल अन् अर्थची वायर एकमेकांना जोडून देतात, तसं बिलकुल करू द्यायचं नाही, कारण पोलवरचा न्यूट्रल ज्या दिवशी तुटला त्या दिवशी तुझी अख्खी कॅबिनेट जिवंत होते. खड्डा खणायचा, प्लेट नाहीतर पाईप टाकायचा, कोळसा, मीठ, अन् वरून पाणी. आपली काळी जमीन पावसाळ्यात झकास अर्थ देते, ओल धरून असते ना, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् तोच अर्थ कुचकामी होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी, तुळशीला टाकतो तसं.

आता ते कार्ड. आरएक्स ५८० वाईट कार्ड नाही, २०१७ चं आहे, ८ जीबीवालं असलं तर आजही पुष्कळ गेम ओढते. पण ते खाते १८५ वॅट, अन् त्याला एसएमपीएसमधून वेगळं पॉवर कनेक्टर लागते, बहुतेक आठ पिनचं. तुझा डबा ऑफिसातला आहे, त्यातला एसएमपीएस २४०-२९० वॅटच्या आसपासचा असेल, स्टिकर वाचून घे, अन् त्याला ते आठ पिनचं कनेक्टर नसणार. मग नागपूरवाला तुला म्हणेल की काही टेन्शन नाही भाऊ, कन्व्हर्टर देतो. ते कन्व्हर्टर हार्ड डिस्कच्या सपाट पिनेतून पॉवर काढून कार्डाला देते, अन् ती सपाट पिन एवढा करंट घ्यायला बनवलेलीच नाही, प्लास्टिक वितळते. मी वितळलेलं पाहिलं आहे, वास चार दिवस खोलीतून जात नाही. बरं मग एसएमपीएसच बदलू म्हणशील, तर या ब्रँडेड ऑफिसच्या डब्यात पुष्कळदा मदरबोर्डाचं कनेक्टर कंपनीचं स्वतःचं असते, नेहमीचं २४ पिनचं नाही, बाजारातला एसएमपीएस सरळ बसतच नाही. झाकण उघडून पिना मोजून घे.

अन् एवढ्या स्वस्तात ही कार्डं काहून मिळून राहिली तेही समजून घे. या कार्डावर लोकांनी वर्षानुवर्षं इथेरियम नावाचं डिजिटल चलन खोदलं, म्हणजे कार्डाकडून गणितं करवून कमावलं, दिवसरात्र, रॅकमध्ये दहा-दहा कार्डं लावून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती खोदायची पद्धतच बंद केली अन् ते सगळे रॅक रिकामे होऊन सेकंडहँड बाजारात आले. खोदाई केलेलं कार्ड मेलेलंच असते असं मी म्हणणार नाही, पण त्याचे फॅन घासलेले असतात, आतले उष्णता ओढणारे थर्मल पॅड वाळून कडक झालेले असतात, अन् बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये, कोणीतरी बोटं घातलेली असतात. त्यातही "२०४८ एसपी" नावाचं एक निघते, नाव ५८० च, पण आत कोर कमी, खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात.

तुझ्या डब्याला माझ्या मतानं जीटीएक्स १६५० पाहा. २०१९ चं कार्ड, ७५ वॅट, अन् मदरबोर्डाचा मोठा स्लॉट स्वतःच ७५ वॅट देते, म्हणजे वेगळी वायर लागतच नाही. फक्त घेताना पाहा की वरती सहा पिनचं भोक नाही, काही मॉडेलला असते, ते आपल्या कामाचं नाही. डबा आडवा बारका असला, ते स्लिमवाले येतात ना, तर लो प्रोफाईल म्हणून बुटकं कार्ड घ्यावं लागेल, फूटपट्टी लावून घे आधीच. १०५० टीआय पण चालते, तेही ७५ वॅटचंच, पण ते २०१६ चं आहे अन् एनव्हीडियानं त्या पिढीला नव्या गेमसाठी ड्रायव्हर द्यायचं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, अन् दुसरं म्हणजे त्याच्या नावावर नकली माल बम आहे. दहा-बारा वर्षं जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्यालाच १०५० टीआय म्हणून विकतात, विंडोजही तसंच नाव दाखवते, पोट्टा घरी घेऊन येते अन् गेम सुरूच होत नाही. म्हणून पेनड्राईव्हमध्ये जीपीयू-झेड नावाचं कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर टाकून ने, फुकटचं आहे, नकली असलं तर ते नावाच्या आधी तसं लिहूनच दाखवते. विकणाऱ्याच्या मशीनवर लावून पंधरा मिनिटं लोड दे, फॅनचा आवाज ऐक, नाक जवळ नेऊन वास घे. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. बैल घेताना दात पाहतोच ना आपण.

पण कार्डाच्याही आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क. हे मी तुला हात जोडून सांगतो. तुझी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तेही सलग असलं तर, अन् साधी साटा एसएसडी ५०० च्या जवळ जाते, अन् बारीकसारीक फायली उचलायच्या असल्या तर दोघांची तुलनाच होत नाही. आरपीजीत माणूस दर दहा मिनिटांनी दार उघडून घरात जाते, घरातून बाहेर येते, मरते, जुना सेव्ह उघडते. हार्ड डिस्कवर दर खेपेला एक चहा होते. अन् रॅम १६ कर, पण दोन सारख्या काड्या लावून, एका काडीवर प्रोसेसरची अर्धी वाट बंद असते. चौथ्या जनरेशनला डीडीआर३ लागते, दुकानदार डीडीआर४ ची काडी हातात टेकवेल तर ती खाच जुळत नाही, दाबून बसवू नको.

विंडोजचं एकाच वाक्यात सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् ११ ला कंपनी आठव्या जनरेशनच्या खालचा इंटेल घेत नाही, म्हणून एक तर जुगाड करून ११ टाक नाहीतर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम शिक, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या प्रोटॉन सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात, तुला फॉर्म भरायचं ब्राउझरचं काम तर तिथेही होते.

मी हिंगणघाटाकडं एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून धुळीचं जरा जास्त सांगतो, सहन कर. मागच्या फेब्रुवारीत काट्यावरचा डबा अचानक बंद पडू लागला, पाच मिनिटं चालते अन् खटकन बंद. झाकण काढलं तर सीपीयूच्या फॅनखाली हीटसिंकच, ती उष्णता ओढणारी धातूची जाळी, दिसेना. रुईची गादी बसली होती गादी, राखाडी, जाड. चिमटीत धरून ओढली तर अख्खा चौकोन एका तुकड्यात निघून आला अन् त्याच्या खालच्या अंगाला हीटसिंकच्या पट्ट्यांचे ठसे, थापलेल्या गोवरीवर बोटं उमटतात तसे. प्रोसेसर शंभर अंशाच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करते अन् तरी भागलं नाही तर मशीन बंद करते, तेच होऊन राहिलं होतं. तुझ्या घरी जिनिंग नसेल पण दिवाळीनंतर खोलीत कापूस भरून ठेवत असाल तर तेच आहे. दोन महिन्यांतून एकदा प्लग काढून, अंगणात नेऊन, ब्रशनं साफ कर, हवा मारायची तर फॅनचं पातं बोटानं धरून ठेव नाहीतर ते भिंगरीसारखं फिरून बेअरिंग जाते. दहा-अकरा वर्षं जुना डबा आहे, आतली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, पुसून नवीन लाव, तुरीच्या दाण्याएवढी बस होते.

अन् कूलर. आपल्याकडं चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४६-४७ ला जाते, घाटंजीलाही काही काश्मीर नाही, म्हणून पोट्टे काय करतात, कूलरचं तोंडच डब्याकडं फिरवतात. ती ओली हवा आहे रे, त्यात क्षाराचे कण असतात, बोर्डावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसते मग. कूलर तू घे, डब्याला साधा पंखा दे. अन् टिनाच्या खोलीत असला तर मे महिन्यात बारा ते पाच खेळूच नको, गेम अडकला की कार्डाला शिव्या द्यायच्या अन् चूक उन्हाची. तो हप्त्यावरचा लॅपटॉप त्या टिनाखाली काय करेल याचा विचार तूच कर, मी त्यावर जास्त लिहीत नाही, अजून नोकरी नाही अन् सेतूवर सीझन असला तरच पैसे आहेत, हप्ता दर महिन्याला येते.

आता मित्रांचं ६० एफपीएस. विचर ३ मे २०१५ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर तो ३० वरच चालत होता अन् जगभर लोकांनी तसाच खेळला, कोणाचे डोळे गेले नाहीत. गोळ्या झाडायचा गेम असला, समोरचा पुण्याचा पोट्टा तुझ्या आधी बटण दाबून राहिला, तर फ्रेम मोजाव्या, मान्य. आरपीजीत तुला घाई कोणाची आहे? समोरचा माणूस बोलून तुझ्या उत्तराची वाट पाहत उभा असते, तू पाणी पिऊन ये. गंमत सांगतो, स्कायरिम नावाच्या आरपीजीत, तोच २०११ वाला, ६० च्या वर फ्रेम गेल्या की गेमचं भौतिकशास्त्रच बिघडते, तू घरात पाय टाकला की टेबलावरची ताटं, गडवे, चिजचे तुकडे आपोआप उडू लागतात, भूत लागल्यासारखे. मोठ्या पैशाचा मॉनिटर घेतलेल्या माझ्या एका दोस्ताच्या घरी मी हे डोळ्यानं पाहिलं अन् लय हसलो.

विचर ३ ला कमीत कमी जीटीएक्स ६६० अन् ६ जीबी रॅम मागितली होती, चांगल्यासाठी ७७०. १६५० त्याच्या पुढंच आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याला मोठं अपडेट आलं, त्यात रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावलीची जड आकडेमोड, वगैरे आहे, ते आपल्यासाठी नाही, सुरू करताना डायरेक्टएक्स ११ चा पर्याय दिसेल तो घे, केसांची ती हेअरवर्क्स नावाची सेटिंग बंद कर, बाकी मध्यमवर ठेव, आरामात चालेल. बाल्डर्स गेट ३ चा नाद मात्र सध्या सोड. गेम अप्रतिम आहे, बेल्जियमच्या लॅरियननं केला, २०२३ चा, मी दोनदा संपवला, पण त्याला १५० जीबी जागा लागते अन् तेही एसएसडीवर. रोजच्या २ जीबी डेटावर उतरवायचा म्हटलं तर ७५ दिवस लागतील, म्हणजे सोयाबीन पेरल्यावर सुरू केला तर शेंगा भरेपर्यंत. या डेटाच्या भानगडीसाठीच मी जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतो, तिथे पूर्ण इन्स्टॉलर मिळते, ४-४ जीबीचे तुकडे असतात, यवतमाळात फायबरवाला कोणी मित्र असला तर त्याच्याकडून पेनड्राईव्हवर आण, मग नेट लागतच नाही. विचर बनवणाऱ्या कंपनीनंच ते दुकान २००८ मध्ये काढलं.

इंग्रजीचं तू लाजून विचारलं, त्यात लाजायचं काहून? माझं सांगतो. मी पहिली आरपीजी खेळलो मॉरोविंड, २००२ चा गेम, मला मिळाला तीन-चार वर्षांनी. बोटीतून कैदी म्हणून उतरवतात अन् हातात एक पाकीट देऊन म्हणतात बाल्मोरा गावात अमुक माणसाला दे. बस. नकाशावर बाण नाही, टिंब नाही. जो तो मला "आउटलँडर, आउटलँडर" करून बोलायचा, मला दोन दिवस वाटे की माझ्या पात्राचं नावच ते आहे. मग डिक्शनरी उघडली तर अर्थ निघाला बाहेरगावचा. एवढा राग आला मला, अन् तेवढीच मजा. पत्ता सांगायची पद्धत तर अस्सल आपल्याकडची, रस्त्यानं दक्षिणेला जा, पूल लागेल, ओलांडू नको, डावीकडची पायवाट धर. आपल्याकडं नाही का, नाल्याच्या अलीकडं निंबाचं झाड हाय, तिथून खालच्या अंगाला. माझ्याकडं शंभर पानी वही होती, गेममधली डायरी उघडून मी शब्द उतरवायचो, बाजूला मराठीत अर्थ. व्याकरण मला त्या वहीनं शिकवलं नाही, पण वाचायची भीती गेली, एक शब्द अडला तरी पुढं वाचत राहायचं ही सवय लागली, अन् आज हार्डवेअरचं मॅन्युअल मी त्याच सवयीवर वाचतो.

तू सुरुवात फॉलआउटपासून कर, १९९७ चा पहिला, कार्ड नसलं तरी तुझ्या प्रोसेसरातल्या ग्राफिक्सवर चालते. जमिनीखाली राहणाऱ्या लोकांची पाणी शुद्ध करायची चिप जाते अन् तुला १५० दिवसांत दुसरी शोधून आणायची असते. पाण्याचा प्रश्न आपल्या माणसाला काय समजावून सांगायचा, खारपाणपट्ट्यातला पोट्टा तर पहिल्या मिनिटाला त्या गेममध्ये घुसते. लढाई पाळीपाळीनं होते, तुझी पाळी आली की गेम थांबते, डिक्शनरी पाहायला वेळच वेळ. अन् पात्र बनवताना बुद्धी एकदम कमी ठेवली तर तुझं पात्र नुसतं ऊं-आं करते, लोकही तसंच बोलतात त्याच्याशी, दुसऱ्या खेपेला ते करून पाहा. मग मॉरोविंड, त्याला ओपनएमडब्ल्यू नावाचं फुकट इंजिन आहे, नव्या मशीनवर बिनघोर चालते. डिस्को एलिसियम कोणी सुचवला तर सध्या नाही म्हण, त्यात तलवार नाही बंदूक नाही, नुसतं बोलणं, दहा लाखांच्या वर शब्द आहेत, मलाही धाप लागली.

अन् विचर सुरू केला की पहिल्याच गावात, व्हाईट ऑर्चर्डमध्ये, एका बंद झोपडीसमोर म्हातारी उभी दिसेल. तिचा तवा एकानं उसना नेला अन् परत दिला नाही, एवढंच तिचं गाऱ्हाणं. सगळे पोट्टे तिला सोडून मोठ्या राक्षसामागं पळतात. तू दार उघड, अन् आत सापडलेला तवा एवढा घासून लख्ख काहून आहे ते तिथले कागद वाचून शोध. ज्याला ते शोधायची मजा आली त्याचा हा खेळ, मग त्याच्याकडं कोणतं कार्ड आहे याला काही अर्थ नाही. ज्याला नाही आली त्यानं खुशाल क्रिकेट खेळावं.

राहिले बाबा. अभ्यासासाठी म्हणून सांगू का, असं तू विचारतो. मी तेच सांगितलं होतं. आमच्या काळी सगळ्यांचं एकच कारण असे, एमएससीआयटी. माझे बाबा मोटार रिवायंडिंग करत, त्यांनी दोन सीझनचे पैसे जोडून डबा घेऊन दिला. एकदा मागं येऊन उभे राहिले तर मी मॉरोविंडमध्ये लोहाराशी भाव करून राहिलो होतो, ते म्हणे, "हे तलवार कोन्त्या धड्यात हाय बे?" अन् निघून गेले, बोलले काही नाही. म्हणून मग मी रात्री खेळू लागलो, ते झोपल्यावर. पावसाळ्याचे दिवस, रात्री दोन वाजता खोलीतला बल्ब एकदम लख्ख व्हायचा अन् मग मंद, पुन्हा लख्ख. दोन-तीन रात्री तसं झालं. पोलवरचा न्यूट्रल सैल झाल्याची ती खूण आहे, एका घरी व्होल्टेज दीडशे अन् बाजूच्या घरी तीनशेच्या वर, वारा आला की उलट. मोटार बांधणाऱ्या माणसाला हे झोपेतही समजलं असतं. पण त्यांना सांगायचं म्हणजे मी दोन वाजता जागा काहून होतो तेही सांगावं लागे, म्हणून मी चूप. चौथ्या रात्री फाटकन आवाज झाला, धूर निघाला, एसएमपीएस गेला अन् जाता जाता मदरबोर्ड अन् हार्ड डिस्क घेऊन गेला, माझे सगळे सेव्ह त्यात. सकाळी बाबांनी झाकण उघडून पाहिलं, फुगलेले कपॅसिटर बोटानं दाबून पाहिले, अन् मला विचारलं, "बल्ब लख्ख झाला तवाच मले उठवाले काय झालं होतं?" मला काही उत्तर देता आलं नाही. नवा बोर्ड घ्यायला वर्ष गेलं.

तुझे बाबा शेतकरी आहेत, विहिरीवर मोटार असेल, म्हणजे रात्री टॉर्च तोंडात धरून स्टार्टर उघडणारा माणूस तुझ्या घरातच आहे, डीपीवरची कोणती फेज कमजोर आहे अन् हरभऱ्याच्या ओलितात व्होल्टेज किती पडते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना सरळ सांग, खेळायसाठी आहे, माझ्या कमाईचं आहे, अन् कॅबिनेटला करंट येते, अर्थिंगचा खड्डा कुठी खणायचा ते दाखवा. ओरडतील थोडंसं, पण मला वाटते फावडं घेऊन तेच पुढं चालतील. थ्री फेज रात्रीची असली अन् ते ओलिताले गेले की गावभराच्या मोटारी सुरू होतात, तेवढा वेळ डबा बंद ठेव, किंवा व्होल्टेज वरखाली झालं की लाईन कापणारा स्टॅबिलायझर लाव, कारण नुसता अर्थ केल्यानं जास्तीचं व्होल्टेज थांबत नाही, त्याचं काम वेगळं. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेता आला तर घे, त्याच्यावर खेळायचं नाही, लाईन गेली की सेव्ह करायचं अन् बंद. अन् एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसू नको, लिहिता लिहिता लाईन गेली तर ती फाईल खराब होते, तीन-चार वेगवेगळे ठेव.

तर या महिन्यात वायरमन अन् एसएसडी, रॅमची दुसरी काडी जमली तर तीही, अन् तोवर फॉलआउट. कार्ड पुढच्या महिन्यात. नागपूरवाल्याला फोन करून सांगून टाक ५८० नको म्हणून. तो म्हणेल उद्या भाव वाढेल. वाढू दे.